काष्ठफलक-यंत्रण, संख्यात्मक नियंत्रित

प्लायवुड, कणफलक, तंतुफलक व त्यांवर सजावटी थर चिकटवून केलेले फलक यांमधून कपाटे, टेबले, दारे इत्यादींचे सुटे भाग संगणकाच्या आज्ञेनुसार चालणाऱ्या राउटर यंत्रावर कापण्याच्या, त्यांत खाचा पाडण्याच्या व भोके घेण्याच्या क्रियेला संख्यात्मक नियंत्रित काष्ठफलक-यंत्रण म्हणतात. या क्रियेत मापांची अचूकता यंत्राकडून बहुतांशी आपोआप मिळते. परंतु कापलेल्या कडेचा स्वच्छपणा तसा मिळत नाही. कडेचा पापुद्रा उचकटणे, कूस निघणे, कड करपणे किंवा तिच्यावर लाटांसारख्या खुणा उमटणे हे दोष महागड्या यंत्रावरही आढळतात. कड स्वच्छ येणे हे मुख्यत: तीन गोष्टींवर अवलंबून असते : हत्याराची धार, कापल्या जाणाऱ्या तंतूंना मिळणारा आधार आणि प्रत्येक धारेने काढलेल्या ढलपीची जाडी.

कडेला एवढे महत्त्व असण्याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. फलकाचे दोन्ही पृष्ठभाग दाबाने घट्ट झालेले किंवा थराने झाकलेले असतात. कड मात्र उघडी असते. पाण्याचा अंश प्रामुख्याने कडेतूनच आत शिरतो व फलक फुगतो. कड खडबडीत असेल, तर तिच्यावर चिकटविलेली पट्टी सर्वत्र सारखी टेकत नाही, सांध्यात फटी राहतात आणि दमट हवेत पट्टी सुटू लागते. सजावटी थर उडालेला भाग पुन्हा रंधून किंवा घासून दुरुस्त करता येत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो.

फलकांची रचना : प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक असे परस्परांशी काटकोनात चिकटविलेले असतात. त्यामुळे हत्यार कोणत्याही दिशेने गेले, तरी काही थर तंतूंच्या दिशेने व काही थर तंतूंना आडवे कापले जातात. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या पापुद्र्यांना एकाच बाजूने आधार असतो. म्हणून तंतूंना आडव्या जाणाऱ्या कापात कूस तेथे निघते. कणफलकात लाकडाचे बारीक कण राळेने बांधलेले असतात. त्याचे पृष्ठभाग बारीक कणांचे व घट्ट, तर गाभा जाड कणांचा व विरळ असतो. मध्यम घनतेच्या तंतुफलकाला बाजारात एमडीएफ म्हणतात. त्यात लाकडाचे तंतू सुटे करून राळेसह दाबलेले असल्यामुळे त्याला तंतूंची एक ठराविक दिशा नसते व तो पुष्कळ एकजिनसी असतो. तथापि त्याचाही गाभा पृष्ठभागापेक्षा मऊ असतो. मेलॅमिनाचा थर दिलेल्या फलकाचा पृष्ठभाग काचेसारखा कठीण व ठिसूळ असतो. त्याला कूस निघत नाही, तर त्याचे टवके उडतात. अशा प्रकारे एकाच कापात हत्याराला कठीण, मऊ आणि पुन्हा कठीण अशा स्तरांतून जावे लागते. बांधणीसाठी वापरलेली कठीण राळ व कच्च्या मालाबरोबर आलेली वाळू यांमुळे धार लवकर झिजते. उसाच्या चिपाडांपासून केलेल्या फलकांच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. [→ प्लायवुड, लाकूड].

इतिहास : हत्यार व कार्यवस्तू यांची हालचाल अंकांच्या साहाय्याने नियंत्रित करण्याची कल्पना अमेरिकेत धातुकामासाठी पुढे आली. हेलिकॉप्टरची पाती बनविणाऱ्या जॉन टी. पार्सन्झ यांना १९४९ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाकडून या कामाचे कंत्राट मिळाले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत विकसित केलेल्या संख्यात्मक नियंत्रित चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये दाखविण्यात आले. लाकूडकामात त्या काळी साच्याच्या कडेने खुंटीच्या मार्गदर्शनाखाली चालणारे राउटर प्रचलित होते. प्रत्येक नव्या आकारासाठी नवा साचा करावा लागे. १९६०–७० या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये लाकूडकामासाठी संख्यात्मक नियंत्रित राउटर बनू लागले. पुढे छिद्रित फितीची जागा संगणकाने घेतली आणि साच्याची गरज उरली नाही.

याच काळात फलकांचे स्वरूपही बदलले. कणफलकांचे औद्योगिक उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत सुरू झाले व मध्यम घनतेचा तंतुफलक १९६०–७० या दशकात अमेरिकेत उत्पादनात आला. चौकटीशिवाय केवळ फलक जोडून कपाटे करण्याची पद्धत युद्धोत्तर काळात जर्मनीत रूढ झाली. तीत ५ मिमी. व्यासाची भोके एकमेकांपासून ३२ मिमी. अंतरावर घेतात. एवढ्या नेमकेपणाने शेकडो भोके घेणे हाताने अवघड असल्यामुळे संख्यात्मक नियंत्रित यंत्रांना मोठी मागणी आली.

यंत्राची रचना : यंत्रात सपाट मंच, त्यावरून लांबीच्या दिशेने सरकणारा पूल आणि पुलावर रुंदीच्या दिशेने व वरखाली सरकणारा तर्कू म्हणजेच स्पिंडल हे मुख्य भाग असतात. आपल्याकडील सामान्य फलकाचे माप २,४४० × १,२२० मिमी. म्हणजे ८ × ४ फूट असल्यामुळे मंचही निदान तेवढा ठेवतात. तर्कू मिनिटाला सामान्यत: १२,००० ते २४,००० फेरे करतो. हत्यार कॉलेट नावाच्या चिरा पाडलेल्या निमुळत्या नळीत आवळून धरतात. कॉलेट झिजलेले असेल किंवा त्यात भुसा व राळ साचली असेल, तर हत्यार आपल्या मध्यरेषेपासून किंचित हलून फिरते. मग दोन धारांपैकी एकच धार जवळजवळ सर्व काम करते आणि कडेवर समान अंतरावर खुणा उमटतात. म्हणून हत्यार बदलताना प्रत्येक वेळी कॉलेट पुसून घेणे आणि ते झिजले की बदलणे, हा स्वच्छ कापाचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

ढलपीची जाडी : हत्याराच्या एका धारेने एका फेऱ्यात पुढे खाल्लेल्या अंतराला ढलपीची जाडी म्हणता येईल. सरकवेग म्हणजे हत्यार फलकात पुढे सरकण्याचा वेग. मिनिटाचा सरकवेग भागिले फेरे व धारा यांचा गुणाकार, या सूत्राने ही जाडी काढतात. उदा., दोन धारांचे हत्यार मिनिटाला १८,००० फेरे करीत असेल व सरकवेग मिनिटाला १०.८ मी. असेल, तर ढलपीची जाडी ०.३ मिमी. येते.

कड खराब येऊ लागली की सरकवेग कमी करावा, असे नवख्या चालकाला वाटते. वरील उदाहरणात त्याने सरकवेग ३.६ मी. केला, तर ढलपीची जाडी ०.१ मिमी. होईल. एवढ्या पातळ ढलपीत धार पुरेशी रुतत नाही. ती कापण्याऐवजी घासत जाते. घर्षणाने उष्णता वाढते, कड करपते व राळ मऊ होऊन हत्याराला चिकटते. शिवाय १ मी. लांबी कापताना पूर्वी धारांचे सु. ३,३०० आघात होत असत, ते आता १०,००० होतात. म्हणजे तेवढ्याच कामासाठी धारेला तिप्पट घासावे लागते. ढलपी हीच उष्णता वाहून नेण्याचे मुख्य साधन असल्यामुळे ती पुरेशी जाड निघणे आवश्यक असते. याउलट ढलपी फार जाड झाल्यास तंतू कापले जाण्यापूर्वीच उपटले जातात, हत्यार वाकते व बारीक हत्यार मोडतेही. सु. १२ मिमी. व्यासाच्या हत्याराला फलकांमध्ये साधारणत: ०.३ ते ०.५ मिमी. जाडीची ढलपी मानवते, ६ मिमी. व्यासाच्या हत्याराला याहून बरीच कमी लागते. सरकवेग वाढविणे यंत्राला झेपत नसेल, तर तर्कूचे फेरे कमी करून किंवा एका धारेचे हत्यार लावून तोच परिणाम साधता येतो. यंत्रातून पिठासारखी धूळ निघत आहे की बोटांत पकडता येतील अशा ढलप्या, हे पाहून जाणकार चालक वेगाची पारख करतो. तंतुफलकाचा भुसा मुळातच बारीक असल्याने तेथे मात्र हत्याराचा स्पर्श उपयोगी पडतो : काम थांबवून तर्कू पूर्ण स्थिर झाल्यावर हत्यार कोमट लागले, तर वेग योग्य, हात लावता येणार नाही इतके तापले असेल, तर ते घासत आहे असे समजावे.

हत्यारे : गतिमान पोलादाची हत्यारे राळयुक्त फलकांत फार लवकर बोथट होतात, म्हणून टंगस्टन कार्बाइडाची हत्यारे सर्वत्र वापरतात. एकाच प्रकारचे काम मोठ्या प्रमाणावर असेल, तर कृत्रिम हिऱ्याचे तुकडे बसविलेली हत्यारे परवडतात. त्यांची किंमत पुष्कळ जास्त असली, तरी आयुष्यही अनेक पटींनी जास्त असते. मात्र ती ठिसूळ असल्यामुळे खिळा किंवा स्क्रू लागल्यास निकामी होतात.

धारेच्या पिळाच्या दिशेवरून हत्यारांचे तीन मुख्य प्रकार पडतात. वर ओढणारे हत्यार ढलप्या वर खेचून बाहेर टाकते. त्यामुळे खाच मोकळी राहते व खालची कड स्वच्छ येते, परंतु वरच्या पापुद्र्याचे तंतू उचकटतात. खाली दाबणारे हत्यार वरचा पापुद्रा दाबून कापते. त्याने वरची कड स्वच्छ येते, पण ढलप्या खाचेत दाबल्या जातात व खालची कड बिघडू शकते. तिसऱ्या प्रकारात हत्याराच्या टोकाकडील पीळ वर ओढणारा व त्याच्या वरचा पीळ खाली दाबणारा असतो. दोन्ही पृष्ठभागांवरील तंतू फलकाच्या गाभ्याकडे दाबले जात असल्याने त्याला दाबपिळाचे किंवा कॉम्प्रेशन हत्यार म्हणतात. दोन्ही बाजूंनी सजावटी थर असलेल्या फलकांसाठी ते विशेष उपयुक्त आहे.

दाबपिळाच्या हत्याराचा लाभ मिळण्यासाठी एक अट पाळावी लागते. टोकाकडील वर ओढणाऱ्या भागाची लांबी, समजा, १० मिमी. असेल, तर पहिलाच काप १० मिमी.पेक्षा खोल असला पाहिजे. तो ६ मिमी. ठेवल्यास वरचा थर वर ओढणाऱ्या धारेखाली येतो व नेमके टाळायचे तेच घडते. म्हणून १८ मिमी. जाडीचा फलक शक्यतो एकाच खेपेत कापतात. हत्यार फलकात उतरतानाही हीच अडचण येते; त्यामुळे ते भागाच्या रेषेवर न उतरविता बाजूच्या टाकाऊ जागेत तिरप्या मार्गाने उतरवितात आणि पूर्ण खोली गाठल्यावर रेषेवर आणतात. उथळ खाचांसाठी टोकाकडील भाग आखूड असलेली हत्यारे मिळतात किंवा खाली दाबणारे हत्यार वापरतात.

भोकांसाठीही वेगवेगळी टोके लागतात. आरपार न जाणाऱ्या भोकासाठी मध्ये अणी व कडेला दोन कापणारी टोके असलेले गिरमीट वापरतात. कडेची टोके वरचा थर प्रथम वर्तुळाकार चिरतात व मगच आतला भाग निघतो. आरपार भोकासाठी भाल्यासारखे निमुळते टोक असलेले गिरमीट घेतात. ते खालचा थर एकदम न फोडता हळूहळू उघडते.

कापण्याची दिशा : वरून पाहता तर्कू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. भागाच्या बाहेरील कडेने हत्यार काट्यांच्या विरुद्ध दिशेने नेले, तर धार तयार कडेपाशी पातळ ढलपीने सुरुवात करून बाहेर पडताना तंतू पुढे उचलते. या विरोधी कापात फाट हत्याराच्या पुढे धावून भागात शिरण्याची भीती असते. काट्यांच्या दिशेने नेले, तर धार जाड ढलपीने सुरुवात करून तयार कडेपाशी संपते व तंतू आत दाबले जातात. हा अनुगामी काप प्लायवुड व भरीव लाकूड यांत सुरक्षित ठरतो. मात्र त्यात हत्यार कडेपासून किंचित दूर ढकलले जाते व भाग रेसभर मोठा राहू शकतो. यावर उपाय म्हणजे प्रथम सु. ०.५ मिमी. जाडी शिल्लक ठेवून कापणे आणि नंतर तेवढाच थर पूर्ण खोलीने एका खेपेत काढणे. शेवटच्या खेपेत हत्यारावर भार थोडा असल्याने ते वाकत नाही. ही खेप कोणत्या दिशेने घ्यावी, हे त्याच फलकाच्या तुकड्यावर दोन्ही प्रकारे कापून ठरवितात. पूर्ण फलकातून भाग वेगळा करताना हत्यार दोन्ही बाजूंना कापत असते. खाचेची एक बाजू अनुगामी व दुसरी विरोधी कापाने तयार होते. म्हणून चांगली बाजू भागाकडे व वाईट बाजू टाकाऊ पट्टीकडे येईल, अशी दिशा निवडावी.

पापुद्रा फारच नाजूक असेल, तर प्रथम पाऊण ते एक मिमी. खोलीचा उथळ काप खाली दाबणाऱ्या हत्याराने घेतात व मग पूर्ण खोलीचा काप घेतात. करवत चालविण्यापूर्वी धारदार सुरीने रेघ चिरून घेण्याची सुतारांची रीत हेच साधते : पृष्ठभागाचे तंतू आधीच तुटलेले असल्याने पुढील कापात ते रेघेपलीकडे फाटत नाहीत.

गोल हत्याराने आतील कोपरा काटकोनी निघत नाही. हत्याराच्या त्रिज्येएवढी गोलाई राहते. दुसरा फलक त्यात चपखल बसावा लागत असेल, तर हत्यार कोपऱ्यात थोडे पुढे नेऊन कान काढतात किंवा पटाशीने कोपरा साफ करतात.

फलकाची पकड : कापताना फलक थरथरला, तर तीक्ष्ण हत्यारानेही कड खडबडीत येते. बहुतेक यंत्रांत फलक निर्वाताच्या साहाय्याने मंचाला धरतात. मंचावर तंतुफलकाचा एक थर पसरलेला असतो. त्याचे घट्ट पृष्ठभाग खरवडून काढल्यावर त्यातून हवा झिरपते. पंपाने खालची हवा काढली की वातावरणाचा दाब वरचा फलक दाबून धरतो. दाबांतील फरक दर चौ. सेंमी.ला ०.६ किग्रॅ. मिळाला, तर ६०० × ४०० मिमी. मापाचा भाग १,४४० किग्रॅ. भाराने दाबला जातो. परंतु १०० × ६० मिमी. मापाच्या भागावर हा भार केवळ ३६ किग्रॅ. असतो. हत्याराचा रेटा आडवा असतो व त्याला विरोध करणारे घर्षण या भाराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढेच भरते. म्हणून लहान भाग सरकतात. शिवाय जसजसे काप पडतात, तसतशी त्यांतून हवा आत शिरून पकड ढिली होते.

यामुळे कापण्याच्या क्रमाला महत्त्व येते. प्रथम सर्व भोके व खाचा, त्यानंतर लहान भाग व शेवटी मोठे भाग असा क्रम ठेवतात. लहान भाग मांडणीत फलकाच्या मध्याकडे ठेवतात. अतिशय लहान भाग कापताना पहिल्या खेपेत तळाशी सु. ०.५ मिमी. जाडीचे पापुद्र्यासारखे अस्तर शिल्लक ठेवतात. ते भागाला शेजारच्या फलकाशी जोडून धरते. दुसऱ्या खेपेत एवढेच अस्तर कापावयाचे असल्याने आडवा रेटा फार थोडा असतो. मंचाचा वापरात नसलेला भाग झाकणे व तंतुफलकाच्या थराच्या कडांना रंगाने किंवा पट्टीने बंद करणे, यांनीही पकड पुष्कळ सुधारते.

हत्याराची उंची फलकाच्या वरच्या पृष्ठभागावरून न मोजता मंचावरून मोजावी. १८ मिमी. म्हणून विकला जाणारा फलक प्रत्यक्षात काहीसा कमी-अधिक जाडीचा असू शकतो. मंचावरून मोजल्यास हत्यार नेहमी खालच्या थरात ०.१ ते ०.२ मिमी. उतरते : फलक पूर्ण कापला जातो आणि मंचही फार कोरला जात नाही. खाचेची रुंदी मात्र हाती असलेल्या फलकाची जाडी प्रत्यक्ष मोजूनच ठरविणे आवश्यक आहे. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात मंचावरील तंतुफलकही फुगतो. त्याचा पृष्ठभाग तेथे वारंवार समतल करून घ्यावा लागतो.

धूळ व आरोग्य : स्वच्छ कापासाठी खाचेतील भुसा लगेच बाहेर निघणे आवश्यक असते, अन्यथा तोच भुसा पुन:पुन्हा कापला जाऊन धार बोथट होते व कड तापते. त्यासाठी हत्याराभोवती ब्रशची झालर लावून शोषणनळ जोडतात. नळातील हवेचा वेग सेकंदाला सु. २० मी. ठेवतात. भुसा शोषणे ही केवळ कापाची गरज नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा १९९५ मध्ये व फलकांतील राळेतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडाचा त्यानंतर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांमध्ये समावेश केला आहे. बोथट हत्यार व अतिमंद सरकवेग यांमुळे ढलपीऐवजी श्वासातून खोलवर जाणारी बारीक धूळ तयार होते; म्हणजे ज्या चुकीमुळे कड बिघडते, तीच चूक चालकाच्या फुप्फुसांनाही बाधते. तोंडाला रुमाल बांधल्याने ही धूळ अडत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा श्वसनरोधक मुखवटा व चालू स्थितीतील शोषणयंत्रणा यांची गरज असते.

दोष व त्यांची कारणे : वरच्या कडेला कूस निघत असल्यास पिळाची दिशा किंवा पहिल्या कापाची खोली तपासावी. खालच्या कडेला निघत असल्यास खालचा आधार सच्छिद्र किंवा कोरलेला झालेला असतो. मंच समतल करावा. संपूर्ण कड करपत असल्यास ढलपी पातळ आहे. केवळ कोपरे करपत असल्यास तेथे यंत्र दिशा बदलताना मंदावते, म्हणून कोपऱ्याला थोडी गोलाई द्यावी. समान अंतरावर खुणा येत असल्यास कॉलेट व हत्यार तपासावे. आधी चांगली येणारी कड क्रमाने बिघडत गेली असेल, तर धार गेली आहे असे समजावे. अशा वेळी वेग बदलून उपयोग होत नाही.

हाताने काम करणाऱ्या सुताराला बोथट रंधा हाताला जड लागतो आणि तंतू उलटे असल्याचे पहिल्याच झटक्यात कळते. यंत्राला असे काही जाणवत नाही. ते बोथट हत्यारही दिलेल्या मार्गावर तितक्याच अचूकपणे चालविते. त्यामुळे हाताची ही जाण चालकाला डोळे, कान व बोटे यांनी भरून काढावी लागते : कापताना होणाऱ्या आवाजातील बदल, निघणारी ढलपी आणि कडेवरून फिरविलेले बोट हीच त्याची साधने होत. यंत्रासाठी केलेला आज्ञाक्रम एकदा लिहिला की तसाच राहतो, पण फलक, हवा व धार दररोज बदलतात; म्हणूनच प्रत्येक नव्या फलकाचा एक लहान तुकडा प्रथम कापून पाहण्याची पद्धत चांगल्या कारखान्यांत पाळली जाते.